एकच शब्द, कुळे निराळी

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत आम्ही दोन शब्द लिहावेत, असे मंडळाच्या कार्यकर्त्यांनी सुचविले. विहाराचा इतिहास, वर्गणी, श्रमदान यांविषयी इतर बांधव लिहितीलच. आम्ही ठरवले की एका लहानशा शब्दावर लिहायचे. शब्द असा की तो आपल्या प्रत्येक निमंत्रणपत्रिकेत, प्रत्येक भाषणात आणि घराघरांत असतो. तो शब्द म्हणजे ‘साल’.

वाचकहो, तुम्ही म्हणाल, सालावर काय लिहायचं? साल म्हणजे वर्ष, झालं. पण थांबा. ‘१९५६ साली बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली’ यातला साल वेगळा. ‘केळ्याची साल रस्त्यात टाकू नका’ यातली साल वेगळी. आणि ‘कुशीनारा येथे दोन साल वृक्षांमध्ये तथागतांचे महापरिनिर्वाण झाले’ यातला साल आणखी वेगळा. लिहायला अक्षरे तीच दोन, ‘सा’ आणि ‘ल’. उच्चारही तोच. मग हे तिन्ही शब्द एकाच आईची लेकरे आहेत की काय?

हा प्रश्न आम्हाला उगाच पडलेला नाही. एका सभेत एका वक्त्यांनी फार जोशात सांगितले होते, “बौद्धांची कालगणना भगवंतांच्या महापरिनिर्वाणापासून सुरू होते. ते साल वृक्षाखाली झाले. म्हणून वर्षाला ‘साल’ म्हणतात!” सभेने टाळ्या वाजविल्या. ऐकायला गोडही वाटले. त्यातली अर्धी गोष्ट खरीच आहे. बुद्धाब्द महापरिनिर्वाणापासून मोजतात. श्रीलंकेच्या परंपरेप्रमाणे ते इसवी सनापूर्वी ५४४ मध्ये झाले, आणि त्याच हिशेबाने १९५६ साली २५०० वी बुद्धजयंती साजरी झाली. पण उरलेली अर्धी गोष्ट? ती आपण तपासायला नको का? तथागतांनी कालामांना सांगितले की ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, किंवा वरवर पटण्याजोगे दिसते म्हणून काही मानू नका. हा उपदेश दुसऱ्याच्या पोथीला लावायचा आणि आपल्या टाळीच्या वाक्याला सोडून द्यायचे, हे काही बरोबर नाही. तेव्हा आता एकेक साल हातात घेऊन पाहू.

साल : झाड

आधी झाड. संस्कृतात याला ‘शाल’ म्हणतात, पाली भाषेत ‘साल’. पालीत तालव्य ‘श’ नाही, सगळीकडे ‘स’च चालतो. म्हणून शील ते सील, शरण ते सरण, तसाच शाल तो साल. आपण रोज वंदनेत ‘सरणं’ म्हणतो, तोच हा नियम.

पाली परंपरेप्रमाणे भगवंतांच्या आयुष्याच्या दोन्ही टोकांना हे झाड उभे आहे. लुंबिनीच्या सालवनात महामायेने सालाची फांदी धरली आणि सिद्धार्थाचा जन्म झाला, असे जातककथांच्या प्रस्तावनेत, म्हणजे निदानकथेत, सांगितले आहे. आणि ऐंशीव्या वर्षी कुशीनारा येथे मल्लांच्या उपवत्तन नावाच्या सालवनात जोडसालांच्या मध्ये भगवंतांनी शेवटची शय्या केली, असे महापरिनिब्बान सुत्त सांगते. हंगाम नसताना ती झाडे फुलली आणि फुले भगवंतांच्या अंगावर पडू लागली. तेव्हा भगवंत आनंदाला काय म्हणाले? की फुलांनी होणारी ही खरी पूजा नव्हे, जो धम्माप्रमाणे चालतो तोच तथागतांची खरी पूजा करतो. आपण फुले वाहतो ती जरूर वाहावीत. पण ही गोष्ट ध्यानात ठेवून वाहावीत.

हा वृक्ष आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला नाही, याचे कारण साधे आहे. आपला महाराष्ट्र हा सागाचा मुलूख. सालाची मोठी रानं हिमालयाच्या पायथ्याला तराईत, आणि इकडे मध्य प्रदेशाचा पूर्व भाग, छत्तीसगड, झारखंड, ओडिशा या बाजूला आहेत. उंच, सरळ खोडाचे झाड, लाकूड अतिशय कठीण. इंग्रजांनी रेल्वेच्या रुळांखालच्या लाकडी पट्ट्यांसाठी सालाची रानं तोडली. त्याच्या पानांच्या पत्रावळी होतात. धुपात घालतात ती राळ या झाडाच्या चिकापासून मिळते. म्हणजे झाड पाहिले नसले तरी त्याचा वास आपल्या घरात आलेला आहे. झारखंडातले उरांव, मुंडा हे आदिवासी बांधव वसंतात सरहूल नावाचा सण करतात, तो याच सालाच्या फुलांचा.

इथे एक गमतीची गोष्ट सांगतो. अनेक विहारांच्या आवारात, विशेषतः श्रीलंकेत, ‘साल’ म्हणून जे झाड दाखवतात ते साल नसतेच. त्याच्या खोडालाच लांब फांद्या फुटून मोठी गुलाबी, वासाची फुले लागतात आणि तोफेच्या गोळ्याएवढी गोल फळे लोंबतात. आपल्याकडे त्याला कैलासपती म्हणतात. मुंबईत राणीच्या बागेत ते पाहायला मिळते. हे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतले. श्रीलंकेत ते १८८१ साली पेरादेनियाच्या बागेत आणले गेले. अडीच हजार वर्षांपूर्वी कुशीनाऱ्यात ते असणे शक्यच नाही. खऱ्या सालाची फुले बारीक, पिवळसर असतात आणि फळाला पाच पंख असतात, वाऱ्यावर भिरभिरत खाली येते. जपानात तर थंडीमुळे साल जगत नाही, म्हणून तिथल्या मंदिरांतून पांढऱ्या फुलांचे एक तिसरेच झाड त्याच नावाने लावतात. श्रद्धेने लावले, त्यात कुणाचा अपराध नाही. परंतु नाव एक असले म्हणून झाड एक होत नाही, हे इथे डोळ्यांनी दिसते.

साल : वर्ष

आता वर्षाचा साल. हा शब्द फारसी आहे. बहामनी राज्य १३४७ साली स्थापन झाले. पुढे निजामशाही, आदिलशाही आली. दरबाराची, महसुलाची, न्यायाची भाषा फारसी होती, आणि तिच्याबरोबर हजारो शब्द मराठीत उतरले. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकानंतर ‘राजव्यवहारकोश’ करवून घेतला, त्यात फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरी लोकांच्या तोंडातला साल काही गेला नाही. दरसाल, सालोसाल, सालाबादप्रमाणे, सालमजकूर, सालगडी अशी त्याची केवढी तरी संतती मराठीत नांदते आहे.

आणखी पाहा. आपल्या पत्रिकांवर आपण छापतो, ‘इसवी सन १९५६ साली’. यातला ‘सन’ अरबी आहे आणि त्याचाही अर्थ वर्षच. ‘इसवी’ म्हणजे ईसाचा, येशूचा. म्हणजे आकड्याच्या अलीकडे अरबी वर्ष आणि पलीकडे फारसी वर्ष, मधे आपली धम्मक्रांती! आणि हा ‘सन’ म्हणजे दिवाळी-दसऱ्याचा ‘सण’ नव्हे. तो सण ‘क्षण’ या शब्दापासून आला. घाईने लिहिताना ‘न’ आणि ‘ण’ यांत भेद न करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

मग वर्षाचा साल झाडावरून आला असेल का? याचे उत्तर दगडावर कोरलेले आहे. इराणात बेहिस्तून नावाचा डोंगर आहे. त्यावर सम्राट पहिला दारियस याने इसवी सनापूर्वी ५२० च्या सुमारास आपला पराक्रम तीन भाषांत कोरून ठेवला. एका वर्षात आपण किती लढाया जिंकल्या, हे तो पुनःपुन्हा सांगतो. त्यात जुन्या फारसीत वर्षाला शब्द आहे तो ‘थर्द’. इराणातल्या पारशांच्या अवेस्ता ग्रंथात तोच शब्द ‘सरद’ अशा रूपात येतो. पुढे शतकानुशतके जिभेवर घासत त्याचा ‘साल’ झाला. फारसीत ‘र’ आणि ‘द’ एकत्र आले की त्यांचा ‘ल’ होतो. याचे दुसरे उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचे आहे. आपले संस्कृत ‘हृद्’, म्हणजे हृदय, त्याचाच फारसीतला भाऊ ‘दिल’. सिनेमाच्या गाण्यातला दिल आणि आपले हृदय ही एकाच घरातली.

आता विचार करा. झाडाच्या नावावरून वर्षाचे नाव पडले असते, तर जुन्यात जुने रूप ‘साल’ दिसायला हवे होते. पण जितके मागे जावे तितका हा शब्द झाडापासून लांब जातो. दोघांची रूपे सारखी झाली ती फार नंतर. पुन्हा आपल्या बाजूचा पुरावाही आहे. सम्राट अशोकाने लुंबिनीला स्तंभ उभारला, तो १८९६ साली उजेडात आला. राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर आपण इथे येऊन पूजा केली, असे त्यावर आहे. वर्षाला तिथे शब्द आहे ‘वस’. मुंबईजवळ सोपाऱ्याला पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाली तेव्हा राजा संबोधीला गेला, असे त्या लेखात आहे. तिथेही ‘वस’च. सालवनाच्या देशात, खुद्द लुंबिनीत, धम्मराजा अशोक वर्षाला साल म्हणत नाही. मग वक्त्यांचे म्हणणे कशावर उभे राहायचे?

ते पडले म्हणून वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. कारण त्याच्या जागी जे सापडते ते अधिक मोलाचे आहे. अवेस्तातला ‘सरद’ आणि संस्कृतातला ‘शरद’ हे सख्खे भाऊ आहेत. शरद म्हणजे आपल्याकडे ऋतू. पण फार जुन्या काळी शरद म्हणजे वर्ष असाही अर्थ होता. इतके शरद पाहिले म्हणजे इतकी वर्षे जगला. तिकडे पालीत ‘वस्स’ म्हणजे पाऊस आणि वस्स म्हणजे वर्षही. भिक्खू किती वर्षांचा जुना, हे त्याने किती वर्षावास केले त्यावरून मोजतात. म्हणजे इराणातल्या माणसाने आणि इथल्या माणसाने वर्ष मोजले ते ऋतूंवरूनच. एकाने थंडीच्या उंबरठ्यावर उभे राहून मोजले, एकाने पावसाच्या. ज्याला आपण परका शब्द म्हणतो, तो साल आपल्या शरदाचा भाऊ निघाला. आणि ज्याला आपण घरचा समजत होतो, तो झाडाचा साल त्याचा कोणीच लागत नाही. दिसायला सारखे ते परके, आणि दिसायला परके ते सख्खे! शब्दांच्या दुनियेत असे फार घडते.

सालदाराचे साल

या फारसी सालाला आपल्या समाजाच्या आयुष्यात एक कडू जागा आहे, ती सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. साल म्हटले की आपल्या वाडवडिलांना तारीख आठवत नसे. त्यांना आठवे ते ‘साल धरणे’. मराठवाडा, विदर्भात गुढीपाडव्याला साल ठरे. एका पाडव्यापासून दुसऱ्या पाडव्यापर्यंत माणूस एका मालकाकडे बांधला जाई. त्याला सालगडी म्हणत, कुठे सालदार म्हणत. दार म्हणजे धरणारा, बाळगणारा. जमीनदार, सुभेदार यांतला तोच ‘दार’. जमीनदाराजवळ जमीन, सुभेदाराजवळ सुभा, आणि सालदाराजवळ काय, तर नुसते साल! तेही मालकाने विकत घेतलेले.

ठरावीक धान्य, थोडी रोकड, एखादी घोंगडी, वहाणांचा जोड, हा मोबदला. त्यातली बरीचशी रक्कम आधीच उचल म्हणून घेतलेली असे, लग्नासाठी नाहीतर आजारपणासाठी. साल संपे पण उचल फिटत नसे. मग पुढचे साल त्याच दारात. बाप थकला की पोरगा. दुसरीकडे गावकीची कामे होती ती वेगळीच. १८७४ च्या वतन कायद्याने जी कामे आपल्या मानेवर बसवली, त्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बिल आणले. ती वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. वेठबिगारी बंद करणारा कायदा तर १९७६ साली झाला.

गावातून मुंबईच्या गिरणीत आलेल्या माणसाला पहिल्यांदा जो नवा शब्द मिळाला तो ‘पगार’. हा शब्द पोर्तुगीज आहे, ‘पगार’ म्हणजे पैसे देणे. गिरणीतही अन्याय काही कमी नव्हता, त्याविषयी आम्ही बोलू लागलो तर स्मरणिका पुरणार नाही. पण वर्षाचा माणूस महिन्याचा झाला. काम सोडायचे म्हटले तर सोडता येऊ लागले. सालातून सुटून पगारात आला, एवढ्या दोन शब्दांत आपल्या बापजाद्यांचा केवढा मोठा प्रवास भरला आहे! शब्दाचा इतिहास असा माणसाच्या पाठीवर लिहिलेला असतो.

साल : फळाची, झाडाची

तिसरी साल म्हणजे फळाची, खोडाची. ही ना फारसी, ना त्या वृक्षावरून आलेली. ही प्राकृतातून मराठीत आली. हिंदीत हिलाच ‘छाल’ म्हणतात. जुना शब्द ‘छल्ली’. मराठीची एक खोड आहे. प्राकृतातला ‘छ’ दिसला की मराठी पुष्कळदा त्याचा ‘स’ करते. हे आमच्या शब्दावर मानू नका, स्वतः ताडून पाहा. हिंदीत छुरी, मराठीत सुरी. हिंदीत मछली, मराठीत मासळी. हिंदीत कछुआ, मराठीत कासव. हिंदीत बछडा, मराठीत वासरू. हिंदीत पूछना, मराठीत पुसणे. तशीच हिंदीत छाल आणि मराठीत साल. गिरणीत उत्तरेकडचे भय्ये आणि आपली माणसे शेजारी शेजारी साचे चालवत. एकमेकांची भाषा समजायला फार दिवस लागत नसत, त्याचे गमक हेच. एका धाग्याने दोन्ही कापडे विणलेली आहेत.

झाडालाही साल असते, म्हणून झाडाच्या ‘साल’ या नावाचा आणि सालीचा संबंध असेल असे कुणाला वाटेल. पण तोही नाही. सालाच्या झाडाच्या सालीला ‘सालाची साल’ म्हणावे लागते, आणि ती एखाद्या साली काढली तर एका वाक्यात तिन्ही साल येतात! संस्कृतात पाहिले की गोंधळ लगेच मिटतो. झाड शाल, साल छल्ली, वर्ष शरद. मराठीत येईपर्यंत तिघांचे कपडे एकसारखे झाले, एवढेच.

याच रांगेतला आणखी एक शब्द, ‘साला’. हा संस्कृत ‘श्याल’ म्हणजे बायकोचा भाऊ, यावरून हिंदीत आला. नाते चांगले आहे, पण शिवी म्हणून वापरतात तेव्हा त्याचा अर्थ काय होतो, याचा विचार आपण करतो का? समोरच्याच्या बहिणीवर आपला हक्क सांगायचा, आणि त्याला खाली पाहायला लावायचे. भांडण दोन पुरुषांचे आणि अपमान घरात बसलेल्या बाईचा. गिरणीत मुकादम-जॉबरांच्या तोंडी हा शब्द सतत असे, आणि ऐकून ऐकून आपल्याही तोंडात बसला. विहारात पंचशील घेऊन चाळीत उतरल्यावर जिन्यातच हा शब्द तोंडातून निघत असेल, तर सम्यक वाचेचे काय झाले? तरुणांनी एवढा एक शब्द सोडला तरी मोठी गोष्ट होईल.

आणि ‘शाल’? संस्कृतातला शाल म्हणजे वृक्ष, हे वर आलेच. पण सत्काराला आपण जी शाल घालतो ती फारसी. इंग्रजांनीही हा शब्द फारसीतूनच उचलला. म्हणजे शालवृक्षाची फांदी आणि काश्मिरी शाल, अक्षरे तीच, नाते शून्य.

‘जी जात नाही ती जात’?

इतका वेळ आम्ही झाडे, वर्षे, साली यांच्याविषयी बोललो. कुणी म्हणेल, यातून आपल्या समाजाला काय मिळाले? तर आता तोच नियम अशा एका शब्दाला लावू, ज्याने आपल्या कितीतरी पिढ्या भाजून काढल्या. तो शब्द ‘जात’.

आपल्याकडे एक वाक्य फार प्रसिद्ध आहे, ‘जी जात नाही ती जात’. वरच्या वर्गाचे लोक ते हसत म्हणतात, आणि आपली माणसे उसासा टाकून म्हणतात. जणू काही भाषेनेच निकाल देऊन टाकला. नावातच आहे, मग जाणार कशी? पण हे दोन ‘जात’ तपासले का कुणी? ‘तो गावाला जात आहे’ यातला ‘जात’ हा ‘या’ या संस्कृत धातूपासून आला. या म्हणजे जाणे. शब्दाच्या सुरुवातीच्या ‘य’चा प्राकृतात ‘ज’ होतो. यात्रा ती जत्रा, युग ते जुग, यव ते जव. आपल्या आयाबाया ज्यावर दळण दळत ते ‘जाते’, तेही ‘यंत्र’ या शब्दावरूनच आले. आणि दुसरी ‘जात’, ती ‘जाति’, म्हणजे जन्म, ‘जन्’ या धातूपासून. एकाचा अर्थ चालणे, दुसऱ्याचा जन्मणे. दोघांचे काडीचे नाते नाही.

पाली उघडून पाहिली तर हे लख्ख दिसते. पालीत ‘जातो’ याला ‘याति’ म्हणतात आणि जन्माला ‘जाति’. दोन शब्द, दोन अक्षरे, सरळ वेगळे. भगवंतांच्या भाषेत हा विनोद करताच आला नसता! मराठीत ‘य’चा ‘ज’ झाला म्हणून तो जमला. म्हणजे ‘जी जात नाही ती जात’ हा काही निसर्गाचा कायदा नाही. दोन शब्द योगायोगाने सारखे दिसू लागले, त्याची ही कोटी आहे. कोटीला हसून सोडून द्यावे, तिच्यापुढे मान तुकवू नये. जात माणसाने केली आहे, आणि माणसाने केलेली वस्तू माणसाला मोडता येते.

ती मोडली नाही तर काय होते, हेही आम्ही पाहिले आहे. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी अस्पृश्य माणसाला साचेखात्यात घेत नसत. तिथे धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आमच्या तोंडाचा विटाळ होईल म्हणून. कामगारांच्या १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला होता. पुढे काळ बदलला, पण आडनाव विचारण्याची सवय राहिली. खोली भाड्याने पाहायला गेलो की घरमालक भाडे सांगण्याआधी आडनाव विचारी. गंमत अशी की गायकवाड, जाधव, मोरे, शिंदे, पवार ही आडनावे निरनिराळ्या जातींत आहेत. आडनावावर त्याचे समाधान होत नसे. मग गाव कुठलं, देव कुठला, असे आडून आडून चाले. एकच अक्षर, कुळे वेगळी, हे त्या घरमालकालाही ठाऊक होते. फक्त ते ज्ञान तो भलत्या ठिकाणी वापरत होता.

इथेच फरक ओळखायला हवा. शब्दाचे कूळ जरूर विचारावे. त्याशिवाय इतिहास कळत नाही, आणि कुणीही येऊन गोड कहाणी सांगून जातो. माणसाचे कूळ मात्र विचारू नये. सुत्तनिपातात सुंदरिक भारद्वाज नावाचा ब्राह्मण भगवंतांना त्यांची जात विचारतो, तेव्हा भगवंत त्याला सांगतात की जात विचारू नकोस, आचरण विचार. आपल्या समाजात याच्या नेमके उलटे चालत आले. शब्द ऐकला की त्याची चौकशी न करता मान डोलवायची, आणि माणूस भेटला की त्याच्या सात पिढ्या विचारायच्या!

बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालयापासून राज्यघटनेपर्यंत केवढी प्रचंड कामे केली. त्या सगळ्या धावपळीत, प्रकृती खालावलेली असताना, हा महापुरुष पाली शब्दांचा कोश करीत बसला होता. इंग्रजी, मराठी, गुजराती, हिंदी असे अर्थ देत. महाराष्ट्र शासनाने तो त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या १६ व्या खंडात १९९८ साली छापला. एकेका शब्दासाठी त्यांनी हे कष्ट का घेतले असतील? कारण शब्द दुसऱ्याच्या ताब्यात राहिले की इतिहासही दुसऱ्याच्याच ताब्यात राहतो, हे त्यांनी ओळखले होते. आपण मात्र त्यांच्या नावाने जोशात भाषण करायचे आणि एक कोश उघडून पाहायचा नाही, असे करू नये. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आहे, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे. शब्द कुठल्या भाषेतून आला हे त्यांत दिलेले असते. आम्ही फार शिकलेलो नाही, रात्रपाळी करून वाचनालयात बसूनच हे कोश चाळायला शिकलो. जे आम्हाला जमले ते कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना सहज जमेल.

आमची मंडळाला एक सूचना आहे. विहाराच्या अभ्यासिकेत हे दोन कोश आणि एक पाली शब्दकोश आणून ठेवावेत. रविवारच्या वंदनेनंतर मुलांनी रोजच्या वापरातला एकच शब्द घ्यावा, त्याचे मूळ शोधावे आणि सर्वांना सांगावे. शब्द परका निघाला तर लाजू नये, आणि आपला निघाला तर फुगू नये. पुरावा असेल ते घ्यावे, नसेल ते सोडावे. दर साली बावन्न रविवार येतात. बावन्न शब्द म्हणजे काही थोडे नाहीत.

जयभीम! नमो बुद्धाय!